प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करायचाच असतो, तर डॉक्टरांनी तो पाचव्या दिवशीच का थांबवला?

साधी_शंका (मूळ प्रश्न)

माझ्या वडिलांना न्यूमोनिया झाल्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले होते. सुरुवातीला त्यांना शिरेतून दोन प्रतिजैविके दिली गेली. बेडक्याच्या कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी त्यांतले एक बंद केले आणि दुसऱ्याच्या जागी अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या सुरू केल्या. पाचव्या दिवशी, ताप उतरून दोन दिवस उलटले आहेत आणि श्वासही नीट चालू आहे, असे सांगून त्यांनी गोळ्याही थांबवल्या. वडिलांची प्रकृती सुधारते आहे, थोडा खोकला आणि थकवा तेवढा बाकी आहे, त्यामुळे ही तक्रार नव्हे.

गोंधळ वेगळाच आहे. बरे वाटले तरी कोर्स पूर्ण करा, नाहीतर उरलेले जंतू पुढच्या वेळी औषधाला दाद देणार नाहीत, असे मी आजवर ऐकत आले आहे. मग इथे उलटे कसे झाले? दुसरी शंका रिपोर्टविषयी. त्यावर बऱ्याच औषधांपुढे ‘एस’ लिहिलेले होते आणि काहींपुढे आकडेही होते. त्यांत नवी, महागडी औषधे असताना अमॉक्सिसिलिनसारखे जुने औषध का निवडले गेले असावे? औषध जितके जोरकस तितके चांगले, असे नसते का? जाणकारांनी जरा उलगडून सांगावे.

संसर्गरोग_वॉर्ड

मी संसर्गरोग विभागात काम करतो. आपल्या वडिलांना न तपासता त्यांच्याविषयी मत देणे योग्य नाही. मात्र आपण वर्णन केलेला क्रम, म्हणजे आधी व्यापक (अनेक जातींच्या जंतूंवर चालणारी) औषधे, रिपोर्टनंतर एकच मर्यादित पल्ल्याचे औषध, मग गोळ्या आणि प्रकृती स्थिर झाल्यावर थांबणे, हा आज चांगल्या उपचाराचा नमुना मानला जातो. रुग्णालयाबाहेर झालेल्या साध्या न्यूमोनियासाठी किमान ५ दिवस औषध द्यावे आणि ताप, नाडी, श्वासाची गती, रक्तदाब, ऑक्सिजन व शुद्ध हे सगळे जागेवर आल्यावर ते बंद करावे, असे अमेरिकेतील छातीरोग आणि संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ साली संयुक्त मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे.

‘कोर्स पूर्ण करा’ हा सल्ला कुठून आला, ते पाहिले की निम्मा गोंधळ दूर होतो. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात एक काल्पनिक रुग्ण उभा केला होता. तो घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन आणतो, अपुरे घेतो, त्याच्या घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतू औषधाला सरावतात आणि तेच पुढे त्याच्या पत्नीच्या जिवावर उठतात. इशारा काळाच्या पुढचा होता, यात वाद नाही. गंमत अशी, की घसादुखीचा तो विशिष्ट जंतू, म्हणजे ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस, आजही पेनिसिलिनला पूर्णपणे दाद देतो. जे जंतू खरोखर हाताबाहेर गेले, ते दुसऱ्याच वाटेने गेले.

ती वाट आतड्यातून जाते. प्रतिजैविक फुप्फुसासाठी दिले तरी ते रक्ताबरोबर सर्वत्र पोहोचते आणि आतडे, त्वचा व घसा येथे कोणताही त्रास न देता राहणाऱ्या अब्जावधी जिवाणूंवर त्याचा मारा होतो. सुक्याबरोबर ओलेही जळते. त्यांतल्या ज्या मोजक्या जिवाणूंकडे प्रतिरोधाचे, म्हणजे औषधाला दाद न देण्याचे, जनुक आधीपासून असते, ते टिकतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत वाढतात. ई. कोलाय आणि क्लेब्सिएला हे आतड्यात मुकाट राहणारे जिवाणू पुढे कधीतरी मूत्रमार्गात किंवा रक्तात शिरतात, तेव्हा ते आधीच निवडून निघालेले असतात. शिवाय ही जनुके अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या वर्तुळांवर असतात आणि एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. त्यामुळे मूळ आजाराचे जंतू मेल्यानंतरही औषध चालू ठेवले, तर त्या जादा दिवसांचा फायदा शून्य असतो आणि निवडीचा दबाव मात्र चालूच राहतो. आपल्याला ‘औषध लवकर थांबवल्याने प्रतिरोध वाढतो’ असे शिकवले गेले. बहुतेक साध्या संसर्गांत ते गरजेपेक्षा जास्त काळ दिल्याने वाढतो.

‘बहुतेक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण क्षयरोगाचे गणित वेगळे आहे. तेथे प्रतिरोध आजार घडवणाऱ्या जंतूतच उपचारादरम्यान तयार होतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध केली, तीत रुग्ण आधी सुधारत होते. पण एकट्या औषधामुळे अनेकांच्या शरीरात प्रतिरोधी जंतू वाढले आणि मिळालेला लाभ टिकला नाही. म्हणूनच क्षयरोगात अनेक औषधे एकत्र देतात, नेहमीचा उपचार सहा महिने चालतो आणि तो अर्धवट सोडणे खरोखर घातक ठरते. हृदयाच्या झडपेचा संसर्ग, हाडाचा संसर्ग, रक्तातील स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा संसर्ग, यांनाही आठवडे लागतात. संधिवाताचा ताप टाळण्यासाठी स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीला तोंडाने पेनिसिलिन द्यायचे असेल, तर १० दिवसांचा दंडक अजून आहे. ही यादी छोटी आहे, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

बाकी ठिकाणी ७, १० आणि १४ हे आकडे जिवाणूच्या स्वभावातून आलेले नाहीत. ते आठवड्याच्या हिशेबातून आणि वर्षानुवर्षांच्या सवयीतून आले. त्यांची खरी परीक्षा अलीकडे होऊ लागली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बॅलन्स’ चाचणीत ७ देशांतील ७४ रुग्णालयांतले ३,६०८ रुग्ण होते, सगळ्यांच्या रक्तात जिवाणू सापडलेले, म्हणजे किरकोळ आजार मुळीच नव्हे. निम्म्यांना ७ दिवस औषध दिले गेले, निम्म्यांना १४ दिवस. नव्वद दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या गटात १४.५ टक्के आणि दुसऱ्या गटात १६.१ टक्के आढळले. कमी दिवसांचा उपचार उणा ठरला नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे आणि रोगप्रतिकारशक्ती फारच खालावलेले रुग्ण या चाचणीत घेतलेले नव्हते, हेही सोबत सांगायला हवे.

वडिलांचा खोकला आणि थकवा यांबद्दल : न्यूमोनियातून सावरताना ताप साधारण आठवड्यात जातो, पण खोकला आणि धाप कमी व्हायला सहा आठवडे आणि थकवा पुरता जायला तीन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. छातीच्या एक्स-रेवरचा डागही, विशेषतः वृद्धांमध्ये, कित्येक आठवडे रेंगाळतो. या गोष्टी म्हणजे औषध अपुरे पडल्याची खूण नव्हे. ताप परतला, धाप वाढली, छातीत नव्याने दुखू लागले किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, तर मात्र लगेच दाखवावे.

ओपीडी_रोजची

वरील उत्तराचा आदर राखून थोडा विरोध नोंदवतो. मी सर्वसाधारण व्यवसाय करणारा डॉक्टर आहे. रुग्णालयात कल्चर असते, रोज दोनदा राउंड असतो, नाडी आणि ऑक्सिजनचा तक्ता समोर असतो. माझ्याकडे रुग्ण एकदा येतो आणि पुन्हा येईलच याची खात्री नसते. त्याला ‘कोर्स पूर्ण करण्याची गरज नसते’ असे सांगितले, तर तो दुसऱ्या डोसनंतर गोळ्या डब्यात ठेवील आणि सहा महिन्यांनी त्याच गोळ्या घरातल्या दुसऱ्या कोणाला देईल. सल्ला शास्त्रशुद्ध असला तरी ऐकणाऱ्याच्या कानात त्याचे काय होते, हेही पाहावे लागते.

माझ्या मते, औषध पाच दिवस की सात दिवस, हा वाद बाह्यरुग्ण विभागात दुय्यम आहे. खरा अपव्यय त्याच्या आधी झालेला असतो, म्हणजे जिथे एकही दिवस औषध द्यायला नको होते तिथे ते दिले जाते. सर्दी, फ्ल्यू, बहुतेक घसादुखी आणि तीव्र ब्राँकायटिस (श्वासनलिकांची सूज) हे मुख्यतः विषाणूंचे आजार आहेत आणि प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. तरीही रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी परत येतो, कारण खोकला थांबलेला नसतो आणि बेडका पिवळा-हिरवा झालेला असतो. इथे दोन गोष्टी सांगून पाहाव्यात, त्यांचा उपयोग होतो. एक म्हणजे साध्या ब्राँकायटिसचा खोकला सरासरी सुमारे १८ दिवस चालतो, तर लोकांची अपेक्षा आठवडाभराची असते. दुसरी म्हणजे बेडक्याचा हिरवा रंग जंतूंचा नसतोच. आपल्याच पांढऱ्या पेशींतील मायलोपेरॉक्सिडेझ नावाचे विकर हिरवट असते आणि त्या पेशी विषाणूशी लढतानाही तेवढ्याच गोळा होतात.

मी स्वतः काही रुग्णांना ‘राखीव चिठ्ठी’ देतो. औषध लिहिलेले असते, पण ते आज घ्यायचे नाही. अमुक दिवसांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला, तरच घ्यायचे. ब्रिटनमध्ये ही पद्धत मार्गदर्शक सूचनांतही आहे. चिठ्ठी खिशात असली की मनाला धीर येतो आणि बऱ्याच वेळा ती वापरावी लागत नाही. अर्थात धाप, ग्लानी, अतिशय कमी रक्तदाब अशी लक्षणे असलेल्याला राखीव चिठ्ठी देणे हा गुन्हाच ठरेल.

संसर्गरोग_वॉर्ड

विरोध मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. माझ्या उत्तराचा अर्थ ‘बरे वाटले की स्वतःच थांबा’ असा कोणी घेऊ नये. औषध किती दिवसांचे, हे लिहिणाऱ्यानेच आधी कमीत कमी आणि स्पष्ट ठरवावे. घेणाऱ्याने तेवढे दिवस नेमाने घ्यावे. लवकर थांबवावेसे वाटले तर एक फोन करून विचारावे. उरलेल्या गोळ्यांची समस्या सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुळात जेवढ्या लागतील तेवढ्याच गोळ्या देणे.

उलट टोकाचीही आठवण करून देतो. जिवाणूजन्य सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयवच बिघडू लागतात त्या अवस्थेत) रक्तदाब खाली आला असेल, तर पहिला डोस तासाभरात जायला हवा. तेथे ‘जपून वापरा’ म्हणत रिपोर्टची वाट पाहणारा माणूस रुग्णाचे नुकसान करतो. जपणूक सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जेव्हा रिपोर्ट हातात असतो आणि व्यापक औषध काढून घेण्याचे धाडस दाखवावे लागते.

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतून लिहिते आहे. रिपोर्टविषयीची शंका फार चांगली आहे, कारण हा कागद जितका वाचला जातो तितका समजून घेतला जात नाही.

‘एस’ म्हणजे नेहमीच्या मात्रेने त्या जंतूवर औषध लागू पडण्याची शक्यता चांगली आहे. ‘आर’ म्हणजे मात्रा वाढवूनही यश येण्याची शक्यता कमी. ‘आय’ या अक्षराचा अर्थ मात्र युरोपीय मानकांनी २०१९ पासून बदलला आहे : वाढवलेल्या मात्रेने किंवा औषध जास्त प्रमाणात साचते अशा जागी लागू पडेल. शेजारचा आकडा म्हणजे एमआयसी, अर्थात प्रयोगशाळेत जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. येथे जवळजवळ प्रत्येक जण एकाच खड्ड्यात पडतो आणि सर्वांत लहान आकड्याचे औषध सर्वांत प्रभावी मानतो. समजा, मूत्रातील ई. कोलायच्या रिपोर्टवर अँपिसिलिनपुढे ४ आणि सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ०.५ आहे. आकडा सिप्रोफ्लॉक्सासिनचा लहान दिसतो. पण अँपिसिलिनची सीमा, म्हणजे ‘एस’साठी चालणारा सर्वांत मोठा आकडा, ८ आहे, म्हणून ४ हा आकडा ‘एस’ ठरतो. सिप्रोफ्लॉक्सासिनची सीमा ०.२५ आहे, म्हणून ०.५ हा ‘एस’ ठरत नाही. प्रत्येक औषध शरीरात वेगळ्या प्रमाणात पोहोचते आणि त्याची सीमाही त्यानुसार वेगळी ठरते. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहायचेच नसतात.

आता ‘जोरकस’ औषधाविषयी. व्यापक आणि प्रभावी हे दोन वेगळे गुण आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मेथिसिलिनला दाद देणारा असेल, तर रक्तातील संसर्गात सेफाझोलिनसारखे जुने औषध व्हँकोमायसिनपेक्षा सरस ठरते; व्हँकोमायसिन तेथे दुय्यम निवड आहे. ज्याला मोठे इंजेक्शन म्हणून लोक मानतात, ते त्या जंतूपुरते कमी उपयोगाचे असते. न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस पेनिसिलिनला दाद देत असेल, तर अमॉक्सिसिलिन हा पहिल्या पसंतीचा उपचार आहे, तडजोड नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली, तिचा येथे उपयोग होतो. पहिल्या गटात सहज वापरण्याजोगी औषधे आहेत : अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन, सेफाझोलिन. दुसऱ्या, नजर ठेवायच्या गटात सेफ्ट्रायॅक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, मेरोपेनेम येतात. तिसरा गट राखीव आहे, त्यात कोलिस्टिन आणि लिनेझोलिड यांसारखी औषधे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये असे उद्दिष्ट ठेवले, की २०३० पर्यंत जगात माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांपैकी किमान ७० टक्के वापर पहिल्या गटातील औषधांचा असावा. म्हणून काही प्रयोगशाळा साध्या औषधांना ‘एस’ आले, तर राखीव औषधांचे निकाल रिपोर्टवर छापतच नाहीत. ती लपवाछपवी नव्हे. जे समोर दिसते ते लिहिले जाते, हा मनुष्यस्वभाव ओळखून केलेली ती योजना आहे.

आणखी एक, जरा कडवट मुद्दा. रिपोर्टवर जंतूचे नाव आले म्हणजे संसर्ग आहेच, असे नाही. बेडका म्हणून आमच्याकडे अनेकदा थुंकीच येते. सूक्ष्मदर्शकाखाली गालाच्या आतल्या आवरणातील पेशींची गर्दी दिसली, की तो नमुना आम्ही परत पाठवतो, आणि त्यावरून वॉर्डाशी कुरबुरही होते. मूत्राचा नमुना दोन तासांत आला नाही आणि थंडही ठेवला नाही, तर वाटेतच जिवाणू वाढतात आणि रिपोर्ट खोटा बोलतो. रक्ताच्या कल्चरसाठी प्रौढ व्यक्तीच्या दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त हवे असते, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर, आणि तेही पहिल्या डोसच्या आधी. प्रत्यक्षात एकाच जागेवरून कमी रक्त येते, चारपैकी एका बाटलीत त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस उगवतो आणि त्या कातडीवरच्या पाहुण्यासाठी रुग्णाला व्हँकोमायसिन सुरू होते. जबाबदार वापराची सुरुवात औषधाच्या कपाटापाशी नव्हे, नमुना घेणाऱ्या हातापाशी होते, असे मी तरी मानते.

रात्रपाळी

मी वॉर्डमध्ये परिचारिका आहे. वरच्या मुद्द्याला जोडून कॅथेटरविषयी सांगते. दीर्घकाळ मूत्रकॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी) असलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या मूत्रात जिवाणू सापडतात. मूत्र गढूळ दिसते, वास येतो, नातेवाईक काळजीत पडतात, आणि कोणीतरी ‘एकदा कल्चर पाठवू या’ म्हणते. कल्चर अर्थातच सकारात्मक येते आणि मग त्याकडे दुर्लक्ष करण्याची हिंमत कोणातच नसते. लक्षणे नसतील तर उपचार द्यायचा नाही, याला गर्भवती महिला आणि मूत्रमार्गाच्या आतील आवरणाला इजा होईल अशी शस्त्रक्रिया होणारे रुग्ण हे मुख्य अपवाद. म्हणून आम्ही आधी विचारतो, की हा नमुना पाठवायचाच कशाला. न पाठवलेल्या नमुन्यामुळे वाचलेल्या प्रतिजैविकाची नोंद कुठेच होत नाही, हे मात्र खरे.

आमच्या तक्त्यावर प्रतिजैविकापुढे दोन रकाने आहेत : कशासाठी आणि केव्हापर्यंत. ते रिकामे असले, की औषध आपोआप पुढे ओढले जाते. शनिवारी आलेले डॉक्टर शुक्रवारच्या डॉक्टरांनी सुरू केलेले औषध बंद करायला कचरतात, कारण ते का सुरू केले तेच कळत नाही. ४८ ते ७२ तासांनी थांबून फेरविचार करण्याची पद्धत कागदावर सगळीकडे असते. ती पाळली जाते ती कोणीतरी राउंडमध्ये तोंडाने विचारले तर. ‘डॉक्टर, आज तिसरा दिवस आहे, रिपोर्ट आला आहे, हे चालू ठेवायचे आहे का?’ एवढे एक वाक्य पुरते, आणि ते नातेवाईकांनीही नम्रपणे विचारायला काही हरकत नाही.

सलाइनमधून दिलेले औषध गोळीपेक्षा ताकदवान, ही समजूतही जाता जात नाही. लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड, मेट्रोनिडाझोल यांसारखी औषधे तोंडाने घेतली तरी जवळजवळ पूर्णपणे रक्तात उतरतात. रुग्ण खाऊ-पिऊ शकत असेल आणि ताप उतरत असेल, तर हातातली सुई काढून टाकणे त्याच्या हिताचे असते, कारण ती सुईच जंतूंना आत शिरायला वाट करून देते. शस्त्रक्रियेच्या आधीचे प्रतिजैविकही असेच. छेद घेण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत सेफाझोलिनसारख्या औषधाचा डोस गेला पाहिजे, शस्त्रक्रिया लांबली तर पुन्हा द्यायचा आणि जखम शिवून झाल्यावर पुढे चालू ठेवायचा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितले आहे. टाके सुकेपर्यंत गोळ्या देत राहण्याची सवय अनेक ठिकाणी अजून सुटलेली नाही.

फाइलवरच्या ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ या लाल अक्षरांविषयीही लिहिते. दाखल होणाऱ्यांपैकी साधारण दहा टक्के लोक ती सांगतात. तपासणी केली, तर त्यांतील दहापैकी नऊ जणांना ती नसतेच. लहानपणी कधीतरी आजारात पुरळ आले असते, किंवा नुसती मळमळ झालेली असते. पण एकदा शिक्का बसला, की त्या माणसाला आयुष्यभर दुसऱ्या गटातील व्यापक औषधे मिळत राहतात. श्वास कोंडणे, चेहरा सुजणे किंवा अंगाची कातडी सोलवटणे असे काही झाले होते का, हे नेमके विचारून लिहावे आणि शंका असल्यास तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. स्वतःहून गोळी घेऊन प्रयोग मात्र करू नये.

साधी_शंका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांच्या फाइलवर ॲलर्जीचा शिक्का नव्हता, नाहीतर कदाचित अमॉक्सिसिलिन मिळालेच नसते, हे आत्ता लक्षात आले. एक शेवटचे विचारते. एवढे सगळे नीट पाळले, तर गेलेली औषधे परत मिळतात का? म्हणजे वापर कमी केला, की जंतू पुन्हा औषधाला दाद देऊ लागतात का?

पेट्रीडिश

कधी हो, कधी नाही, आणि दोन्हींची चांगली उदाहरणे उपलब्ध आहेत. फिनलंडमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये एरिथ्रोमायसिनचा प्रतिरोध वाढल्याचे दिसले. त्या गटातील औषधे बाह्यरुग्णांत कमी वापरण्याचा सल्ला देशभर दिला गेला, वापर घटला आणि प्रतिरोधाचे प्रमाण १९९२ मधील १६.५ टक्क्यांवरून १९९६ मध्ये ८.६ टक्क्यांवर आले. हे वाचून हुरूप येतो. पण ब्रिटनमध्ये त्याच दशकात सल्फोनामाइडचा वापर जवळजवळ संपला, तरी ई. कोलायमधील त्याचा प्रतिरोध घटला नाही. कारण ते जनुक ज्या प्लाझ्मिडवर असते, त्याच प्लाझ्मिडवर इतर औषधांच्या प्रतिरोधाची जनुकेही असतात. एक औषध बंद केले तरी दुसऱ्याचा वापर त्या संपूर्ण गाठोड्याला जिवंत ठेवतो. शिवाय काही प्रतिरोधांची किंमत जिवाणूला फारशी मोजावी लागत नाही, त्यामुळे ओझे टाकून देण्याची त्याला निकड नसते.

म्हणून मी ‘परत मिळवणे’ यापेक्षा ‘पुढचे औषध उशिरा गमावणे’ हे अधिक वास्तव उद्दिष्ट मानते. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आले आणि त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस १९६१ मध्ये नोंदवला गेला; कोलिस्टिनचा प्रतिरोध प्लाझ्मिडवरून पसरू शकतो, हे २०१५ मध्ये चीनमधून कळले, आणि तेथे ते औषध जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात मिसळले जात होते. २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे झाल्याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नवे औषध येईल या भरवशावरही राहता येत नाही, कारण ते जपून वापरायचे म्हणजे विकणाऱ्याला उत्पन्न कमी. प्लाझोमायसिन हे प्रतिजैविक बनवणाऱ्या अकाओजेन या अमेरिकी कंपनीला २०१८ मध्ये औषधाची मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

जिथे घट ठळकपणे दिसली, तिथे केवळ औषध कमी करून ती आलेली नाही. इंग्लंडने २००४ मध्ये रुग्णालयांना रक्तातील एमआरएसएचे, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या त्याच स्टॅफिलोकॉकसचे, प्रमाण २००८ पर्यंत निम्मे करण्याचे बंधन घातले आणि ते साध्य झाले. त्यामागे हात धुण्याची शिस्त, शिरेतील नळ्या घालण्याची आणि वेळेवर काढण्याची पद्धत, रुग्णांची आधी तपासणी आणि प्रत्येक रुग्णालयाचे आकडे जाहीर करणे, हे सगळे एकत्र होते. प्रतिरोधी जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो तो बहुधा कोणाच्या तरी हातावरून, आणि तिथे कोणते औषध किती दिवस दिले याने फारसा फरक पडत नाही.